दोन चाप, एक घोडा

ठासणीच्या रायफलीत दारू आणि गोळी भरून झाली आहे, नळीच्या बुडाशी असलेल्या निपलवर ठिणगी देणारी केप चढवली आहे, घोडा पूर्ण मागे ओढला आहे. नेमबाज मागचा चाप दाबतो; आत बारीकसं 'टक्' वाजतं. मग नेम स्थिर करून तो पुढच्या चापाला नुसतं बोट लावतो. घोडा सुटतो खरा, पण केपेवर आपटण्याआधीच अर्ध्या वाटेत अडकून बसतो. बार होत नाही. पुन्हा घोडा ओढावा, पुन्हा चाप लावावा, तर पुन्हा तेच.

दोन चापांच्या रायफलीची ही सगळ्यात जुनी आणि सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार आहे. ती घेऊन येणाऱ्याचं निदानही ठरलेलं असतं: चाप बिघडला. मग चाप खोलला जातो, आतल्या कडांवर कानस फिरते आणि शंभर-दीडशे वर्षं टिकू शकली असती अशी यंत्रणा अर्ध्या तासात कायमची निकामी होते. खरा दोष मात्र तिथे नसतोच. तो दुसरीकडे असतो आणि शोधायची पद्धत माहीत असेल तर सहज सापडतो. ही पद्धत शिकवणारे कारागीर आज थोडे उरले आहेत, पण आहेत.

त्यांना भेटायचं तर अमेरिकेच्या इंडियाना राज्यात फ्रेंडशिपला जावं. राज्याच्या आग्नेय भागात, लॉफरी नावाच्या ओढ्याकाठी हे छोटंसं गाव आहे. १९३३ साली स्थापन झालेल्या नॅशनल मझल लोडिंग रायफल असोसिएशनचं मैदान इथेच आहे. जूनमध्ये आणि सप्टेंबरमध्ये इथे राष्ट्रीय सामने भरतात. सकाळपासून काळ्या दारूचा पांढरा धूर टेकड्यांमध्ये साठून राहतो, गंधकाचा वास कपड्यांना चिकटतो. मैदानाच्या बाजूला विक्रेत्यांच्या आणि कारागिरांच्या रांगा लागतात. कोणी नळ्या विकतो, कोणी मेपलच्या लाकडाचे दस्ते, कोणी शिंगाच्या दारूच्या कुप्या. आणि काही टेबलांवर फक्त एक छोटा व्हाइस, चार-सहा पेचकस, मेणबत्ती आणि एक स्वच्छ पांढरं फडकं असतं. बिघडलेल्या रायफली इथे येतात.

दोन चाप कशासाठी?

बंदुकीच्या चापाकडून आपण दोन परस्परविरोधी गोष्टी मागतो. घोडा ओढलेला असताना तो धक्क्याने किंवा पडण्याने सुटता कामा नये. म्हणजे आतली पकड खोल आणि घट्ट हवी. पण नेम धरल्यावर चाप इतका हलका हवा की बोटाच्या जोराने नळी हलू नये. एकाच चापात या दोन्ही गोष्टी पूर्णपणे साधत नाहीत. पकड खोल ठेवली तर चाप जड होतो, उथळ केली तर बंदूक धोकादायक होते.

मध्य युरोपातल्या, विशेषतः जर्मन भाषक प्रदेशातल्या कारागिरांनी सोळाव्या शतकातच यावर तोड काढली. त्यांनी कामाची वाटणी केली. घोडा धरून ठेवणारी पकड होती तशी खोल आणि भक्कम राहू दिली. ती सोडवण्याचं काम बोटाऐवजी एका ताणलेल्या स्प्रिंगकडे दिलं. मागचा चाप दाबला की ही स्प्रिंग ताणली जाते आणि उंदराच्या सापळ्यासारखी एका बारीक खाचेवर अडकून राहते. पुढचा चाप फक्त ती खाच सोडवतो. स्प्रिंग उसळते, तिच्या जोरावर एक पोलादी पातं वर झेपावतं आणि घोड्याच्या पकडीला खालून ठोसा देतं. बोटाला लागणारा जोर काही औंसांवर येतो, पकडीची खोली मात्र तसूभरही कमी होत नाही.

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात जर्मन स्थलांतरितांबरोबर ही विद्या पेनसिल्व्हेनियात आली. लँकेस्टर आणि आसपासच्या गावांत जर्मन शिकारी रायफलीची नळी लांबत गेली, कॅलिबर कमी झालं आणि अमेरिकन लाँग रायफल घडली. लँकेस्टरचा जेकब डिकर्ट हा त्या परंपरेतला नावाजलेला कारागीर. पुढे पश्चिमेकडे फरच्या व्यापाराची लाट उसळली आणि सेंट लुईस हे तिचं दार बनलं. सॅम्युएल हॉकन १८२२ साली तिथे आला आणि भाऊ जेकबबरोबर त्याने बंदुकांचं दुकान चालवलं. हॉकन बंधूंची रायफल आखूड, जड, मोठ्या गोळीची आणि बहुतेक वेळा दोन चापांची असे. डोंगरात राहणाऱ्या माणसाला दुरुस्तीसाठी सेंट लुईसला परतायला महिने लागत, म्हणून तिचा प्रत्येक भाग टिकाऊ केलेला असे. जेकब १८४९ च्या कॉलऱ्याच्या साथीत गेला. सॅम्युएल १८८४ पर्यंत जगला. जिम ब्रिजर या प्रसिद्ध वाटाड्याची हॉकन आजही माँटाना राज्याच्या इतिहास संग्रहालयात आहे.

काडतुसांच्या बंदुका आल्या आणि ही सगळी कला मागे पडली. १९७० साली थॉम्पसन सेंटर या कंपनीने 'हॉकन' नावाने दोन चापांची ठासणीची रायफल बाजारात आणली आणि हजारो नव्या हातांत हे जुनं तंत्र पोहोचलं. हात नवे होते, तंत्र जुनं. तक्रारी तिथूनच वाढल्या.

घोडा अर्ध्यावर का अडकतो?

तक्रार समजून घ्यायची तर लॉकच्या आत डोकवावं लागतं. बंदुकीच्या उजव्या अंगाला बसवलेली लोखंडी पट्टी आणि तिच्या आतल्या बाजूची यंत्रणा, हे लॉक. घोड्याच्या आसावर आतून एक गोलसर तुकडा बसवलेला असतो, तो टंबलर. घोड्याबरोबर तो फिरतो. त्याच्या कडेवर दोन खाचा असतात: एक खोल, अर्ध्या घोड्याची, सुरक्षेसाठी, दुसरी उथळ, पूर्ण घोड्याची. या खाचांत नाक खुपसून बसणारी तरफ म्हणजे सिअर. सिअरचा दुसरा हात काटकोनात वळून दस्त्याच्या आत, बरोबर चापांच्या डोक्यावर जातो. तो हात वर उचलला की नाक खाचेतून सुटतं आणि घोडा पडतो.

साध्या एका चापाच्या बंदुकीत बोट चाप दाबून धरतं, त्यामुळे घोडा पूर्ण पडेपर्यंत सिअरचा हात वरच राहतो. दोन चापांच्या रायफलीत तसं होत नाही. पातं ठोसा देतं आणि लगेच त्याचा जोर संपतो. क्षणार्धात सिअरची स्प्रिंग नाकाला परत टंबलरवर दाबते. तेवढ्यात अर्ध्या घोड्याची खोल खाच समोर येते आणि नाक तिच्यात जाऊन बसतं. घोडा अडकला!

जुन्या कारागिरांनी यावर उपायही लॉकमध्येच केला होता. टंबलरच्या कडेला, अर्ध्या घोड्याच्या खाचेजवळ, नखावर मावेल एवढा एक सैल पोलादी तुकडा बसवलेला असतो. त्याला फ्लाय म्हणतात. घोडा पडत असताना तो खाचेच्या तोंडावर आडवा येतो आणि सिअरचं नाक त्याच्यावरून घसरून पुढे जातं. घोडा मागे ओढताना मात्र तो बाजूला सरतो आणि नाकाला अर्ध्या घोड्यात बसू देतो. याला ना स्प्रिंग, ना स्क्रू. सैल असणं हाच त्याचा गुण. जुनं तेल सुकून तो चिकटला, दारूची काजळी आत गेली, लॉक साफ करताना तो पडून हरवला किंवा उलटा बसवला गेला, की रायफल अर्ध्यावर अडकू लागते.

काळ्या दारूच्या बंदुकीत काजळीचा प्रश्न किरकोळ नाही. सोरा ७५, कोळसा १५ आणि गंधक १० अशा प्रमाणाच्या या दारूतला निम्म्याहून अधिक भाग जळल्यावर घन अवशेष म्हणून मागे राहतो. तो हवेतला ओलावा खेचतो आणि लोखंड खातो. निपलच्या बुडाशी फटीतून तो लॉकमध्ये शिरतो. म्हणून नळी गरम पाण्याने धुणारा शहाणा नेमबाज अधूनमधून लॉकही उतरवून स्वच्छ करतो आणि त्याला तेलाचा अगदी पातळ हात देतो. तेल चोपडून ठेवलं तर तेच तेल वर्षभरात गोंद होतं.

तीन भाग, तीन चाचण्या

फ्रेंडशिपच्या एका टेबलावर मी एका वयस्कर कारागिराचं काम बराच वेळ पाहत बसलो होतो. गिऱ्हाईक रायफल घेऊन आलं, चापाबद्दल तक्रार करू लागलं. कारागिराने सगळं ऐकून घेतलं, पण चापाला हातही लावला नाही. त्याने आधी गज उचलला, नळीत सोडला आणि तोंडाशी बोटाने खूण धरली. मग तोच गज नळीच्या बाहेरून लावून पाहिला. आत जितका गेला तितकाच बाहेरून नळीच्या बुडापर्यंत पोहोचत होता. नळी रिकामी. निपलवर केप नाही. एवढं झाल्यावरच त्याने रायफल व्हाइसमध्ये, चामड्याच्या दोन तुकड्यांमध्ये धरली. गिऱ्हाईकाने आधीच 'रिकामी आहे' म्हणून सांगितलं होतं. ठासणीच्या बंदुकीत सांगण्यावर कोणी विसंबत नाही.

त्याची पद्धत सरळ होती. दोष तीनपैकी एका ठिकाणी असतो: लॉकमध्ये, चापात किंवा लाकडात. तिन्ही वेगळे करून तपासायचे आणि मगच बोलायचं.

पहिली चाचणी लॉकची. घोडा अर्ध्यावर ठेवून लॉकचे बोल्ट काढायचे आणि लॉक हलकेच बाहेर घ्यायचं. हातात धरून घोडा पूर्ण ओढायचा. तो ठाम बसतो का, अंगठ्याने पुढे रेटला तरी सुटत नाही ना, हे पाहायचं. मग घोडा अंगठ्याने धरून ठेवत सिअरचा हात क्षणभर उचलून सोडून द्यायचा आणि घोड्याला सावकाश खाली येऊ द्यायचं. नाक अर्ध्या घोड्यावर अडकलं तर फ्लायचा दोष. न अडकता पुढे गेलं तर लॉक निर्दोष. घोडा मोकळा सोडून लोखंडावर आपटू द्यायचा नाही, त्याने घोडा आणि टंबलर दोन्हींचं नुकसान होतं.

दुसरी चाचणी चापाची. चापाची पट्टी दस्त्यातून काढून हातात घ्यायची. मागचा चाप दाबायचा. अडकतो का? अडकून राहतो का, की हलक्या टिचकीने सुटतो? पुढच्या चापाला बोट लावल्यावर पातं जोरात उसळतं का? दोन चापांच्या मधे एक बारीक स्क्रू असतो. पकड किती खोल बसावी, हे तो ठरवतो. आत फिरवला की पकड उथळ होते आणि चाप हलका होतो. हलकेपणाच्या हौसेने तो फार आत गेला, तर मागचा चाप अडकतच नाही. कित्येक 'मोडलेल्या' चापांचा इलाज म्हणजे हा स्क्रू एक-दोन आटे मागे घेणं. पातं मंद उसळत असेल, तर त्याच्या पट्टीस्प्रिंगचा स्क्रू ढिला झालाय का, स्प्रिंगला तडा गेलाय का, की आसाभोवती घाण साचली आहे, हे पाहायचं. तुटलेली किंवा मेलेली स्प्रिंग बदलायची असते, वाकवून चालवायची नसते.

इथेच एक गोष्ट नव्या माणसाला चकवते. दोन चापांचे दोन प्रकार आहेत. एकात पुढचा चाप, मागचा न दाबताही, थोडा जास्त जोर लावून घोडा सोडू शकतो. दुसऱ्यात मागचा चाप आधी दाबून ठेवल्याशिवाय घोडा उभाच राहत नाही, कारण न ताणलेलं पातं सिअरला सतत वर उचलून धरतं. दुसऱ्या प्रकारची रायफल पहिल्यांदा हातात घेणारा घोडा ओढतो, तो टिकत नाही, आणि लॉक झिजलं असं समजतो. रायफलीत काहीच बिघडलेलं नसतं. ती तशीच घडवलेली असते.

तिसरी चाचणी लाकडाची, आणि या टेबलावर नेमकी तिचीच गरज पडली. गिऱ्हाईकाचं लॉक हातात बिनचूक चाललं. चापही बिनचूक चालला. दोन्ही दस्त्यात बसवून बोल्ट आवळले की घोडा अडखळायचा. कारागिराने लॉकचा बोल्ट अर्धा फेरा ढिला केला. घोडा नीट पडला. आवळला, अडखळला. मग त्याने लॉक पुन्हा काढलं, मेणबत्ती पेटवली आणि सिअरच्या हाताला ज्योतीवर धरून काजळी चढवली. लॉक जपून परत बसवलं, घोडा दोनदा हाताने धरून चालवला, पुन्हा काढलं आणि दस्त्यातल्या भोकात छोटी बॅटरी धरून मला आत पाहायला सांगितलं. फिक्या लाकडावर वरच्या कडेला एक काळा ठिपका स्पष्ट उमटला होता. सिअरचा हात वर जाताना तिथे टेकत होता. त्याने बारीक पटाशीने त्या ठिपक्यापुरता लाकडाचा कागदासारखा पातळ पापुद्रा उडवला. फडक्यावर पडलेला तो पापुद्रा काळाच होता. नवं लाकूड उघडं पडलं तिथे तेलाचा एक थेंब लावला, म्हणजे ते ओलावा पिऊन पुन्हा फुगणार नाही. बोल्ट आवळले. घोडा नीट पडला. पोलादाच्या एकाही कणाला त्याने कानस लावली नव्हती.

लाकडाचे असे आणखी दोन दोष त्याने समजावून सांगितले. बऱ्याच रायफलींत नळीच्या शेपटातून जाणारा मोठा स्क्रू दस्त्यातून आरपार उतरून थेट चापाच्या पट्टीत आटलेला असतो. तो करकचून आवळला की पट्टी वर ओढली जाते, चापाची पाती सिअरच्या हाताला टेकतात आणि सिअरचं नाक खाचेत पूर्ण बसत नाही. घोडा उभा राहतो, पण काठावर. हा दोष सगळ्यांत धोक्याचा, कारण रायफल चालते आणि म्हणून कोणाला शंका येत नाही. पातं आणि सिअरचा हात यांच्यात घोडा अर्ध्यावर असताना आणि पूर्ण ओढलेला असताना, दोन्ही वेळी किंचित मोकळी जागा हवीच. (न ताणलेल्या पात्याने सिअर उचलून धरणाऱ्या प्रकारात ही तपासणी मागचा चाप ताणून करायची.) उलट, लाकूड सुकून पट्टी ढिली पडली आणि खाली गेली, तर ही जागा वाढते, पातं सिअरपर्यंत पोहोचतं, पण ठोशाचा जोर वाटेतच संपतो. तेव्हा पट्टीची बैठक नीट करायची. स्प्रिंग अधिक कडक करणं हा त्यावरचा उपाय नव्हे.

ज्याला हात लावायचा नाही

टंबलरची पूर्ण घोड्याची खाच आणि सिअरचं नाक, या दोन कडांवर माणसाचा जीव टांगलेला असतो. त्यांचा कोन एका केसाने बदलला तरी घोडा धक्क्याने सुटू शकतो. हे पृष्ठभाग कठीण केलेले असतात. वरचा कठीण थर घासून काढला की आतलं मऊ पोलाद भराभर झिजतं. दोन चापांच्या रायफलीत ही खाच उथळ करायचं काही कारणच नाही. हलका चाप मिळावा म्हणून तर ही सगळी दुसरी यंत्रणा घडवली आहे. ती असताना मूळ पकड घासणं म्हणजे शतकानुशतकांच्या विचारावर पाणी फिरवणं.

वापराचे नियमही याच विचारातून येतात. मागचा चाप ताणायचा तो नळी निशाणाकडे वळल्यावरच. ताणलेला चाप घेऊन पाऊलही टाकायचं नाही. बार करायचा नाही असं ठरलं, तर नळी सुरक्षित दिशेला ठेवून आधी केप काढायची. मग घोडा अंगठ्याने धरून, मागचा चाप बोटाने मागे दाबून ठेवत पुढचा सोडवायचा आणि मागचा हळूहळू पुढे येऊ द्यायचा. रिकाम्या निपलवर घोडा आपटून चापाची मजा पाहायची नाही.

आपल्या घरातली ठासणी

सिंधुदुर्ग, रत्नागिरीच्या वाड्यांमध्ये शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक अजूनही अनेक घरांत आहे. रानडुकरं आणि वानरं भात-नाचणी, नारळ-केळीवर पडतात, तेव्हा तीच बाहेर निघते. तिला एकच चाप असतो, नळी आतून गुळगुळीत असते आणि फ्लायची तिला गरज नसते. पण घोडा, टंबलर, सिअर आणि लाकूड यांचं नातं तिथेही हेच. कोकणच्या पावसात दस्ता फुगतो, तेल चिकट होतं, काजळी लोखंड खाते. घोडा पूर्ण ओढूनही टिकत नसेल किंवा अर्ध्या घोड्यावरून अंगठ्याच्या रेट्याने पुढे जात असेल, तर ती बंदूक त्या क्षणापासून भरायची नाही. अमेरिकेत ठासणीच्या रायफली १९६८ च्या संघीय कायद्यातल्या बहुतेक तरतुदींतून वगळल्या आहेत, म्हणून तिथला छंदी माणूस स्वतःच्या टेबलावर दुरुस्ती करतो. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे बंदूक दुरुस्तीच्या व्यवसायालाही परवाना लागतो. तेव्हा साफसफाई आणि तपासणी घरी, दुरुस्ती मात्र परवानाधारक कारागिराकडेच.

फ्रेंडशिपच्या त्या टेबलावर जे पाहिलं, ते कोणत्याही जुन्या यंत्राला लागू आहे, पण बंदुकीला सर्वांत आधी. ज्या भागाला बोट लागतं त्याच्यावर संशय जातो; दोष मात्र बहुधा शेजारच्या भागात, चिकटलेल्या तेलात किंवा फुगलेल्या लाकडात असतो. म्हणून ज्यांच्या हाती अशी रायफल किंवा बंदूक आहे, त्यांना एवढीच विनंती: आधी गज टाकून नळी रिकामी असल्याची खात्री करा, मग लॉक, चाप आणि लाकूड वेगवेगळं तपासा, साफ करा, स्क्रू पाहा, काजळीचा ठिपका शोधा. कानस सगळ्यांत शेवटी. आणि टंबलरच्या खाचेला कधीच नाही.